पहिले शील आणि खुराड्याचे दार



मार्च २०२५ मध्ये अमेरिकेत डझनभर अंड्यांची सरासरी किंमत ६.२३ डॉलरवर गेली, तेव्हा नोव्हायमधल्या आपल्या घरांतही अंडी हा बोलण्याचा विषय झाला होता. कुठल्या दुकानात मिळतात, कुठे एका गिऱ्हाइकाला एकच खोका देतात, मुलांच्या डब्यात आता काय द्यायचे, अशा गप्पा आपण केल्या. त्या किमतीमागचा आकडा मात्र बोलण्यात फारसा आला नाही. फेब्रुवारी २०२२ पासून तोवर बर्ड फ्लूच्या साथीत या देशातल्या १६ कोटींहून अधिक कोंबड्या, टर्की आणि बदके गेली. त्यांतली बरीच आजाराने मरण्याआधीच, साथ पसरू नये म्हणून मारली गेली.

आपण वंदनेला बसतो तेव्हा पंचशील ग्रहण करतो. त्यातले पहिलेच शील प्राणिहत्येपासून दूर राहण्याचे आहे. मग मनात प्रश्न येतो: साथ थांबवण्यासाठी धडधाकट दिसणारे पक्षीही मारावे लागतात, त्या दिवशी हे शील कुठे असते? ते तेवढ्यापुरते बाजूला ठेवायचे का? की सरकारी माणसांनी मारले, आपण नाही, असे म्हणून हात झटकायचे?

या प्रश्नाचे उत्तर मारण्याच्या दिवशी शोधायला गेलो तर सापडत नाही, असे मला वाटते. त्या दिवसापर्यंत फार उशीर झालेला असतो. प्राणी पाळणाऱ्या गृहस्थाचे पहिले शील त्याआधीच्या साध्यासुध्या दिवसांत, खुराड्याच्या दारात पाळले जाते किंवा मोडले जाते. आणि ते पाळण्याचा सगळा भार चार कोंबड्या किंवा दोन डुकरे पाळणाऱ्या गरिबावर टाकून अंडी खाणारे आपण मोकळे होऊ शकत नाही. हे दोन मुद्दे आपल्यापुढे मांडतो. पटतात का ते तपासून पाहावे.

आधी आजार समजून घेऊ. इन्फ्लुएंझा ए या विषाणूचे मूळ घर म्हणजे रानबदके आणि इतर पाणपक्षी. तो त्यांच्या आतड्यात राहतो, विष्ठेतून बाहेर पडतो आणि थंड पाण्यात बरेच दिवस टिकतो. नोव्हायमध्ये वॉल्ड लेकच्या काठी किंवा आपल्या वसाहतीतल्या तळ्यापाशी कॅनडा गीजचे थवे चरत असतात. त्याच गवतातून आपण फिरून घरी येतो, आणि बुटाच्या तळाला काय लागले ते पाहत नाही. ज्याच्याकडे कोंबड्या नाहीत त्याचे यात काही बिघडत नाही. ज्याच्या परसात दहा कोंबड्या आहेत, त्याच्यासाठी तोच बूट साथ घरात आणणारा ठरू शकतो.

एच५एन१ च्या घातक प्रकाराची लागण कोंबडीला झाली की तुरा निळसर पडतो, डोके सुजते, अंडी बंद होतात आणि बहुधा दोन-तीन दिवसांत खुराडे रिकामे होते. डुकराची गोष्ट निराळी. त्याच्या श्वसनमार्गात पक्ष्यांच्या आणि माणसांच्या अशा दोन्ही फ्लूच्या विषाणूंना शिरकाव मिळू शकतो. दोन विषाणू एकाच पेशीत एकत्र आले तर त्यांच्या जनुकांची अदलाबदल होऊन तिसराच विषाणू तयार होऊ शकतो. २००९ ची जागतिक साथ अशाच मिसळीतल्या विषाणूची होती. तिला आपण ‘स्वाइन फ्लू’ म्हटले आणि दोष डुकराच्या माथी मारला. पण डुक्कर माणसाला फ्लू देते त्यापेक्षा कितीतरी जास्त वेळा माणूसच डुकराला फ्लू देतो, हेही संशोधकांनी दाखवले आहे. खोकला आलेला असताना डुकरांना चारा घालायला जाणारा माणूस त्यांच्यासाठी धोका असतो.

हे सगळे मोठ्या फार्मांपुरतेच आहे असे समजू नये. मिशिगनमध्ये या साथीची पहिली नोंद झाली ती फेब्रुवारी २०२२ मध्ये कलामझू काउंटीत, एका घरगुती कळपात. जुलै २०२३ मध्ये आपल्याच ओकलंड काउंटीची जत्रा डेव्हिसबर्गला भरली होती. तिथे डुकरे घेऊन आलेल्या, अठरा वर्षांखालील एका रहिवाशाला डुकरांमधल्या फ्लूची लागण झाल्याचे राज्याच्या आरोग्य खात्याने नंतर सांगितले. आणि ३० ऑक्टोबर २०२४ ला अमेरिकेच्या कृषी खात्याने जाहीर केले की ओरेगन राज्यात क्रूक काउंटीतल्या एका छोट्या घरगुती फार्मवर एका डुकरात एच५एन१ सापडला आहे. या देशात डुकरात तो सापडण्याची ही पहिलीच वेळ होती. तिथे कोंबड्या आधी आजारी पडल्या होत्या. पाच डुकरे होती, आणि त्यांच्यात आजाराचे एकही लक्षण दिसत नव्हते. कोंबड्यांचे आणि डुकरांचे पाणी एकच, निवारा एकच, अवजारे तीच. पक्षी मारले गेले आणि ती पाचही डुकरे मारली गेली.

या घटनेपाशी थोडे थांबू या. त्या घरी कोणाच्या मनात हिंसा नव्हती. हौसेने किंवा घरच्या गरजेपुरते पाळलेले प्राणी होते ते. पाण्याचे भांडे दोघांना एकच होते, एवढेच. तरीही शेवट मरणात झाला. मग इथे शील कुठे मोडले?

या प्रश्नाला हात घालायला बाबासाहेबांनी आपल्याला एक उत्तम साधन दिले आहे. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात अहिंसेची चर्चा करताना ते सांगतात की बुद्धाने अहिंसेला नियम केले नाही, तत्त्व म्हणून ठेवले. नियम माणसाला बांधून टाकतो, तर तत्त्व त्याला विचार करायला मोकळीक देते. त्याच ठिकाणी ते मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत फरक करतात. केवळ इच्छेपोटी केलेली हत्या बुद्धाला मान्य नव्हती, असे ते म्हणतात.

हा फरक हाती घेतला तर पहिले उत्तर मिळते. साथीत पक्षी मारणाऱ्यांच्या ठायी इच्छा नसते, गरज असते. आजारी कळप तसाच ठेवला तर ते पक्षी गुदमरून मरतातच, शिवाय शेजारच्या दहा घरांचे पक्षी घेऊन जातात. त्यांच्या दयेपोटी काहीच करायचे नाही, ही करुणा आंधळी ठरते.

पण इथेच थांबलो तर आपण बाबासाहेबांचा विचार अर्धाच घेतला असे होईल. कारण ‘गरज होती’ हे उत्तर फार सोयीचे आहे. ते म्हटले की पुढे कोणी काही विचारत नाही. प्रतीत्यसमुत्पाद शिकलेल्या माणसाने मात्र विचारलेच पाहिजे, की ही गरज कशी उत्पन्न झाली? कोणतीच गोष्ट कारणाशिवाय उभी राहत नाही, तशी मारण्याची गरजही राहत नाही. ओरेगनमध्ये तिचे एक कारण पाण्याचे सामाईक भांडे हे होते. दुसरीकडे ते उघडे ठेवलेले खाद्य असेल, बाजारातून आणून त्याच दिवशी कळपात सोडलेली नवी कोंबडी असेल, किंवा एका इमारतीत लाखो पक्षी दाटीने ठेवणारी व्यवस्था असेल.

काही कारणे तर कायद्यात आणि व्यापारात असतात. २००६ मध्ये महाराष्ट्रात साथ आली तेव्हा बाधित ठिकाणापासून तीन किलोमीटरच्या परिसरातले पक्षी मारायचे ठरले. २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातल्या मुरुंबा गावात साथ सापडली तेव्हा हा परिसर एक किलोमीटरवर आलेला होता. फ्रान्सने ऑक्टोबर २०२३ पासून देशभरातल्या बदकांना लस टोचायला सुरुवात केली. इतर अनेक देश लस टोचायला कचरतात, आणि त्यामागे लस टोचलेल्या पक्ष्यांचे मांस दुसरे देश घेणार नाहीत ही भीती मोठी असते. म्हणजे किती पक्षी मारण्याची ‘गरज’ आहे हे विषाणू एकटा ठरवत नाही. त्यात माणसांचे निर्णय असतात, आणि जे माणसांनी ठरवले ते माणसांना कमी करता येते.

म्हणून गरज उभीच राहू नये यासाठी आधी केलेली खबरदारी हे अहिंसेचेच आचरण आहे, असे मी म्हणतो. बुद्धाच्या शिकवणीत त्याला शब्द आहे, अप्पमाद, म्हणजे गाफील न राहणे. आपण तो ध्यानाच्या संदर्भात ऐकतो. खुराड्यापाशी त्याचा अर्थ अगदी साधा होतो. खुराड्यात जाण्यासाठी वेगळे बूट ठेवायचे आणि ते बाहेर घालायचे नाहीत. खाद्य झाकून ठेवायचे, तळ्याचे पाणी प्यायला द्यायचे नाही. बदके कोंबड्यांपासून वेगळी आणि कोंबड्या डुकरांपासून वेगळ्या ठेवायच्या. नवा पक्षी आणला तर महिनाभर बाजूला राखायचा. मेलेला पक्षी डुकराला किंवा मांजराला घालायचा नाही. हात साबणाने धुवायचे, कारण हा विषाणू साबणाने सहज मरतो. घरात कोणाला ताप-खोकला असेल तर डुकरांजवळ दुसऱ्याने जायचे, आणि दर हिवाळ्याआधी आपण स्वतः फ्लूची लस घ्यायची. ती लस आपल्यासाठी असते तशी डुकरासाठीही असते.

आता आपल्या बावीस प्रतिज्ञा आठवून पाहा. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी त्या लाखो लोकांना दिल्या. तेराव्या प्रतिज्ञेनंतरच्या चार प्रतिज्ञांत चोरी, खोटे बोलणे, व्यभिचार आणि मद्यपान यांना नकार आहे. पंचशीलातली उरलेली चार शीले ती हीच. म्हणजे पहिल्या शीलाची जागा तेराव्या प्रतिज्ञेने घेतली आहे. आणि तिची भाषा मात्र नकाराची नाही. तिथे प्राणिमात्रांवर दया करण्याचे आणि त्यांचे लालनपालन करण्याचे वचन आहे. मला ही गोष्ट फार अर्थपूर्ण वाटते. मारले नाही एवढ्याने ती प्रतिज्ञा पुरी होत नाही. पालन करावे लागते, आणि पालन हे रोजचे काम आहे. बूट बदलणे आणि भांडे वेगळे ठेवणे हे त्या प्रतिज्ञेत बसते.

इथे कोणी म्हणेल, मांसासाठी किंवा अंड्यांसाठी प्राणी पाळणेच मुळात चूक आहे, तर त्यांच्या आरोग्याची ही चिंता कशाला? अंगुत्तर निकायात उपासकाने करू नयेत असे पाच व्यापार सांगितले आहेत. त्यात प्राण्यांचा आणि मांसाचा व्यापार येतो, हे खरे आहे. आपल्यापैकी काही जण पूर्ण शाकाहारी आहेत, आणि त्यांच्या निर्णयाचा मला आदर आहे. पण नंदुरबारच्या पाड्यावरच्या एखाद्या बाईला चार कोंबड्यांतून मुलाच्या वह्यांचे पैसे मिळतात. तिच्यापुढे शीलाचा प्रश्न ‘पाळू की नको’ असा क्वचितच येतो. तिच्यापुढे येतो तो ‘सकाळी एक कोंबडी मेलेली दिसली, आता काय करू’ असा. धम्म तिच्या या प्रश्नाला उपयोगी पडणार नसेल, तर तो पोट भरलेल्यांचाच धम्म होईल.

त्या सकाळचा प्रश्न समजण्यासाठी नवापूरला जाऊ. २००६ च्या सुरुवातीला नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरच्या पोल्ट्री फार्मांवर कोंबड्या मोठ्या संख्येने मरू लागल्या. आधी ती राणीखेतची साथ समजली गेली. भोपाळच्या प्रयोगशाळेत नमुने तपासले गेले आणि १८ फेब्रुवारी २००६ ला तो एच५एन१ असल्याचे जाहीर झाले. भारतातली ती पहिली नोंद होती. पुढच्या काही दिवसांत त्या परिसरात लाखो पक्षी मारून पुरले गेले. त्यात मोठ्या फार्मांबरोबर घराघरांतल्या परसातल्या कोंबड्याही होत्या. पुढच्याच महिन्यात जळगाव जिल्ह्यातल्या काही गावांत घरगुती कोंबड्यांत साथ सापडली. २०२१ मध्ये नवापूरवर तीच पाळी पुन्हा आली.

राणीखेतला आपल्या गावाकडे मानमोडी म्हणतात. आपल्या पणजी-पणजोबांच्या पिढीने हाच शब्द १९१८ च्या इन्फ्लुएंझासाठी वापरला होता. कोंबडीच्या आणि माणसाच्या साथीला भाषेने एकच नाव दिले. त्या १९१८ च्या साथीत भारतात एक कोटीहून अधिक माणसे गेली. मुंबईतला मृत्यूचा हिशेब जातवार नोंदला गेला आहे. युरोपियनांत दर हजारी ८.३ मृत्यू झाले, आणि सरकारी कागदांत ज्यांना खालच्या जातीचे हिंदू म्हटले होते त्यांच्यात ६१.६. विषाणूला जात कळत नव्हती. दाटीच्या चाळी, उपाशी शरीरे आणि ताप आला तरी न चुकवता येणारे काम यांनी ती निवड केली. साथीत कोण आधी मरतो, हे साथ येण्याच्या खूप आधी ठरलेले असते, हे आपल्या समाजाइतके कोणाला ठाऊक असणार?

पुन्हा त्या बाईच्या सकाळकडे येऊ. तिला खबर द्यायची आहे, म्हणजे चौथे शील पाळायचे आहे. या विषयात पहिले शील चौथ्यावर उभे आहे. खबर लवकर मिळाली तर थोडे पक्षी मारून साथ थांबते. ती लपवली तर हजारो मरतात. म्हणून खरे बोलणे इथे थेट जीव वाचवते.

पण खरे बोलण्याची किंमत कोण देते? भारतात काय किंवा अमेरिकेत काय, नियम साधारण सारखाच आहे. साथ थांबवण्यासाठी मारलेल्या पक्ष्यांची भरपाई सरकार देते, आजाराने आधीच मेलेल्यांची देत नाही. लोकांनी लवकर खबर द्यावी हा त्यामागचा हेतू योग्य आहे. लाख पक्ष्यांच्या फार्मवर शंभर मेले तरी बाकीच्यांची भरपाई मिळते. पाच कोंबड्यांच्या घरात मात्र पशुवैद्यकीय दवाखान्यापर्यंत निरोप जाईतो तीन मेलेल्या असतात, आणि भरपाई उरते दोनांची. ती कधी हातात पडेल ते तिला माहीत नसते, शेजाऱ्यांच्या कोंबड्याही आपल्यामुळे जातील ही धास्ती वेगळीच. अशा वेळी तिने उरलेल्या दोन कोंबड्या आठवड्याच्या बाजारात विकून टाकल्या, तर आपण तिला बेजबाबदार म्हणतो. खोटे बोलू नये असे तिला सांगण्याआधी, खरे बोलणे तिला परवडेल अशी व्यवस्था करणे ही समाजाची जबाबदारी आहे. ती व्यवस्था न करता केलेला उपदेश म्हणजे आपल्या शीलाचे बिल तिच्या नावावर फाडणे होय.

आणखी एक बाजू आहे, जी आपल्या वाचकांनी तरी नजरेआड करू नये. मेलेली जनावरे ओढण्याचे काम पिढ्यान् पिढ्या कोणावर लादले गेले, हे आपल्याला सांगायला नको. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मृत मांस सोडण्याचे आवाहन केले, ते स्वाभिमानासाठी. डुक्कर पाळणाऱ्या कैकाडी, वडार अशा समाजांच्या वाट्याला आजही हीच हेटाळणी येते. नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’ या चित्रपटाच्या नावाचा अर्थच कैकाडी भाषेत डुक्कर असा आहे. प्राण्याविषयीची घृणा त्याला पाळणाऱ्या माणसापर्यंत कशी पोचते, हे त्या चित्रपटाने साऱ्या महाराष्ट्राला दाखवले.

साथीच्या काळात ही घृणा सरकारी आदेशाचे रूप घेऊ शकते. २००९ मध्ये इजिप्तमध्ये त्या साथीचा एकही रुग्ण नोंदलेला नव्हता. तरीही तिथल्या सरकारने देशातली सुमारे ३ लाख डुकरे मारण्याचा आदेश दिला. त्यांची गरज नाही असे आंतरराष्ट्रीय संस्था सांगत होत्या. ती डुकरे कैरोचा कचरा गोळा करणाऱ्या झब्बालीन लोकांची होती. हे लोक प्रामुख्याने कॉप्टिक ख्रिश्चन, गरीब, आणि शहराच्या कडेला राहणारे. त्यांची डुकरे शहराचे उष्टे-खरकटे खात. डुकरे गेली, त्यांचा रोजगार बुडाला आणि पुढे कैरोच्या रस्त्यांवर कुजक्या अन्नाचे ढीग साचले. बाबासाहेबांनी केलेला फरक इथे लावून पाहा. तिथे गरज नव्हती. मग उरली ती इच्छा, आणि तिला भीतीचे व तिरस्काराचे कपडे घातलेले होते.

म्हणून खबरदारी आणि घृणा या दोन गोष्टी आपण काटेकोरपणे वेगळ्या ठेवल्या पाहिजेत. खबरदारी विचारते, विषाणू कुठून आत येतो? घृणा विचारते, हे कोणाचे प्राणी आहेत? पहिल्या प्रश्नाने जीव वाचतात. दुसऱ्याने साथ थांबत नाही, फक्त माणसे अधिक एकाकी होतात आणि पुढच्या वेळी खबर द्यायला घाबरतात.

या बाबतीत भगवान बुद्धाच्या शेवटच्या दिवसांतला एक प्रसंग मला मार्गदर्शक वाटतो. पावा इथल्या चुंद लोहाराने बुद्धाला सूकरमद्दव वाढले. ते डुकराचे मांस होते की डुकरांना आवडणारी एखादी वनस्पती, यावर विद्वानांत मतभेद आहेत. महापरिनिब्बान सुत्तानुसार बुद्धाने ते दुसऱ्या कोणाला वाढू दिले नाही, उरलेले खड्ड्यात पुरायला सांगितले. त्यानंतर ते गंभीर आजारी पडले. अशा अवस्थेतही त्यांनी आनंदाला बजावले की चुंदाच्या मनात अपराधाची भावना राहू देऊ नका, त्याला कोणी दोष देऊ नका.

दोन्ही गोष्टी एकाच प्रसंगात आहेत, हे लक्षात घ्या. इतरांना बाधा होऊ नये म्हणून ते अन्न पुरले गेले. आणि ज्याच्या हातून ते आले त्या श्रद्धावान माणसाला दोषातून मुक्त ठेवले गेले. साथीच्या काळात लहान पाळणाऱ्याशी कसे वागावे याचा याहून चांगला धडा मला माहीत नाही. त्याच्या कोंबड्या पुराव्या लागल्या तर पुराव्यात, पण त्याला गावासमोर गुन्हेगार म्हणून उभे करू नये.

आता आपल्याकडे, नोव्हायकडे येऊ. आपल्यापैकी फार थोड्यांकडे कोंबड्या असतील. तरीही या कारणांच्या साखळीत आपण आहोत, कारण अंडी आपल्या फ्रिजमध्ये आहेत. म्हणून आपल्याला करता येण्यासारख्या काही गोष्टी सुचवतो.

उन्हाळ्यात मुलांना काउंटीच्या जत्रेला नेत असाल तर डुकरांच्या शेडमध्ये खाणे-पिणे, खेळणी, बाळाची चोखणी किंवा बाबागाडी नेऊ नका, आणि बाहेर पडताच हात धुवा. पाच वर्षांखालची मुले, गरोदर स्त्रिया आणि ६५ वर्षांवरचे आई-वडील यांनी त्या शेडमध्ये न जाणेच बरे. तुम्हाला सर्दी-खोकला असेल तर तुम्हीही जाऊ नका, कारण आत बांधलेल्या प्राण्याला तुमच्यापासून दूर जाता येत नाही. मुलांना हे ‘डुक्कर घाणेरडे असते’ असे सांगून शिकवू नका. ‘आपण एकमेकांना आजारी पाडू शकतो, म्हणून जपायचे’ असे सांगा. मे २०२२ मध्ये मिशिगनने कोंबड्या-बदकांची प्रदर्शने काही काळ बंद केली. वर्षभर जीव लावून पक्षी वाढवणाऱ्या फोर-एच च्या मुलांना ते प्रदर्शन सोडावे लागले. त्या मुलांनी केलेला त्याग आपल्या मुलांना सांगण्यासारखा आहे.

एखाद्या मित्राच्या परसात कोंबड्या असतील तर तळ्याकाठी घातलेल्या बुटांनी तिथे जाऊ नका. गावी फोन कराल तेव्हा आजी, मावशी, काकू यांच्या कोंबड्यांची विचारपूस करा. एकदम दोन-चार मेल्या तर त्या हाताळू नका, विकू नका, दवाखान्यात कळवा, असे सांगा. आणि भरपाई येईपर्यंत त्या कोंबड्यांचे पैसे मी पाठवतो किंवा पाठवते, असेही त्याच फोनवर सांगा. इथून पाठवलेले वीस डॉलर तिथे एका माणसाला खरे बोलायला पुरेसे बळ देऊ शकतात. हे दान आहे, आणि त्यामुळे दोन शीले पाळली जातात.

पुढच्या वेळी अंडी महागली की त्या किमतीवर बोलण्याआधी एक विचार करा. स्वस्त अंडे हा आपला हक्क आहे असे धरून चाललो, तर दाटी वाढते, खबरदारी कमी होते आणि मारण्याची गरज पुन्हा उभी राहते. लस, योग्य अंतर, लहान पाळणाऱ्याला वेळेवर आणि न्याय्य भरपाई या सगळ्याला पैसे लागतात. ते कर भरणारे म्हणून आणि गिऱ्हाईक म्हणून आपणच द्यायचे आहेत. तसे धोरण मागणाऱ्यांच्या बाजूने बोलणे, मत देणे हाही धम्माचरणाचाच भाग आहे.

पुढच्या वंदनेला पहिले शील उच्चाराल तेव्हा कोणाला मारत नाही एवढेच मनात आणू नका. आपल्यामुळे आणि आपल्यासाठी कुठे मारण्याची गरज तयार होते आहे, आणि ती कमी करण्यासाठी या आठवड्यात आपण काय केले, हेही स्वतःला विचारा. ज्यांच्या खुराड्यात पाच कोंबड्या आहेत त्यांनी हा प्रश्न रोज सकाळी दार उघडताना विचारावा. ज्यांच्या फ्रिजमध्ये बारा अंडी आहेत त्यांनी तो फ्रिज उघडताना विचारायला हरकत नाही.

जय भीम! नमो बुद्धाय!